एका मिठाईवाल्याची पुंजी

व्यापाऱ्याचे चरित्र सांगण्याचा एक ठरावीक साचा आपल्या अंगवळणी पडला आहे. गरिबीत जन्म, अपार कष्ट, मग भाग्योदय आणि शेवटी कोट्यवधींची उलाढाल, एवढे सांगून झाले की चरित्र पुरे झाले असे आपण समजतो. अशा लेखनाने तरुणांस हुरूप येतो हे खरे. परंतु दोन प्रश्न त्यांत बहुधा अनुत्तरितच राहतात. हा मनुष्य बुडत असताना त्यास कोणी हात दिला? आणि तो तरल्यावर त्याने मिळविलेल्या पैशाची पुढे काय व्यवस्था लागली? आमच्या मते व्यापाऱ्याची खरी परीक्षा या दोन प्रश्नांतच आहे. अमेरिकेतील चॉकलेटचे प्रसिद्ध कारखानदार मिल्टन हर्शी यांचे आयुष्य या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. त्यांच्या नावाचा माल 2007 मध्ये गोदरेज घराण्याशी झालेल्या भागीदारीनंतर आपल्या बाजारपेठेतही चांगलाच परिचित झाला आहे. परंतु त्या नावामागील मनुष्य मात्र आपल्याकडे फारसा कोणास ठाऊक नाही.

हर्शी यांचा जन्म 13 सप्टेंबर 1857 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील डेरी टाउनशिप या शेतकरी वस्तीच्या मुलुखात झाला. आई फॅनी ही मेनोनाइट पंथाच्या काटकसरी, कष्टाळू घराण्यातील. वडील हेन्री मात्र कल्पनेच्या भराऱ्या मारणारे. आज हा धंदा तर उद्या तो, आणि कशातच स्थैर्य नाही. बापाच्या या भटकंतीपायी मुलाच्या शाळा वारंवार बदलल्या आणि चौथ्या इयत्तेच्या आसपास त्याचे शिक्षण संपले. एका छापखान्यात त्यास उमेदवारीस ठेवले, पण तेथे त्याची टोपी यंत्रात पडली आणि उमेदवारीही संपली. तेव्हा आईने व मार्था मावशीने त्यास लँकेस्टर शहरातील जोसेफ रॉयर या मिठाईवाल्याच्या हाताखाली घातले. तेथे चार वर्षे साखरेचा पाक, त्याची तार, भट्टीची आच आणि गिऱ्हाइकाची जीभ या चार गोष्टींचे शिक्षण त्यास मिळाले. पुढील साऱ्या आयुष्यात उपयोगी पडले ते हेच शिक्षण.

1876 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फियात मोठे प्रदर्शन भरले असता, अठरा-एकोणीस वर्षांच्या मिल्टनने त्या शहरात आपले पहिले दुकान थाटले. भांडवल मावशीकडील घराण्याचे. रात्री माल करावयाचा आणि दिवसा विकावयाचा. आई व मावशी गोळ्या कागदात गुंडाळावयास बसत. सहा वर्षे हा खटाटोप चालला आणि 1882 मध्ये दुकान बंद करावे लागले. तेथून हा तरुण वडिलांच्या मागोमाग डेन्व्हर येथे गेला व एका मिठाईवाल्याकडे नोकरीस राहिला. त्या कारखान्यात कॅरॅमल करताना ताजे दूध वापरीत. त्यामुळे माल मऊ राही, दातास चिकटत नसे आणि टिकतही असे. दूध आटवून साखरेशी त्याचा मेळ घालणे किती जिकिरीचे असते आणि तो साधला म्हणजे मालास कशी मागणी येते, हे बेळगावच्या कुंद्याचा व्यवहार जाणणाऱ्या आमच्या बंधूंस सांगावयास नको. हर्शी यांनी ही विद्या मनात साठविली आणि 1883 मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा दुकान मांडले. तेही तीन वर्षांत बुडाले.

1886 मध्ये हर्शी लँकेस्टरला परतले तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते. नावावर बुडालेले धंदे होते आणि खिशात पैसा नव्हता. सामान सोडवून घेण्यास रेल्वेचे भाडे भरण्याचीही ऐपत नव्हती. मामांकडील मंडळींनी आता आणखी पैसा देण्याचे साफ नाकारले. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. ज्याने दोनदा पैसा बुडविला त्यास तिसऱ्यांदा कोण देईल?

दिला तो हेन्री लेबकिचर या गृहस्थाने. हा पूर्वी फिलाडेल्फियाच्या दुकानात हर्शी यांच्याकडे कामास होता. त्याने आपल्या मालकास आसरा दिला, भाडे भरून सामान सोडविले आणि नव्या उद्योगास हातभार लावला. मार्था मावशी पुन्हा पाठीशी उभी राहिली. ताज्या दुधाच्या कॅरॅमलचा धंदा सुरू झाला. पुढे एका इंग्रज आयातदाराने मोठी मागणी नोंदविली. माल करण्यास कर्ज हवे होते, पण तारण ठेवण्यास काहीच नव्हते. बँकेच्या एका अधिकाऱ्याने स्वतः येऊन कारखाना पाहिला, मालकाची धडपड पाहिली आणि कर्जरोख्यावर स्वतःच्या नावाने सही केली, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. विलायतेहून पैसे आले, कर्ज फिटले आणि लँकेस्टर कॅरॅमल कंपनीची घडी बसली.

येथे थोडे थांबणे अवश्य आहे. लेबकिचरने किंवा त्या अधिकाऱ्याने जो विश्वास टाकला तो आंधळा नव्हता. हर्शी यांना आपला धंदा हातचा येत होता. चार वर्षांची उमेदवारी, दुधाच्या कॅरॅमलची माहिती आणि राबण्याची तयारी ही त्यांची पुंजी शाबूत होती. बुडाले होते ते दुकान. मनुष्य बुडणे आणि दुकान बुडणे यांतील भेद ओळखणारा सावकार त्यांना वेळेवर भेटला. आपल्याकडे जुन्या पेढ्यांवर पत हा शब्द याच अर्थाने वापरीत. मनुष्याची चाल, त्याचा शब्द, त्याचा हात पाहून उधारी दिली जाई. आता तारणाचे कागद पाहण्याची आपणांस इतकी सवय झाली आहे की समोरच्या मनुष्याकडे पाहण्याचे आपण विसरत चाललो आहो. आपल्या समाजातील एखाद्या तरुणाचे दुकान बुडाले म्हणजे चार दिवस हळहळ होते आणि नंतर त्याच्याशी व्यवहार टाळला जातो. त्यातील किती जण तिसऱ्या खेपेस उभे राहिले असते, याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडावयाचा नाही.

हर्शी यांच्या पुढील उत्कर्षाची हकीकत थोडक्यात देतो. 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ड्रेस्डेनच्या लेहमान कंपनीची चॉकलेट करण्याची यंत्रे त्यांच्या दृष्टीस पडली. ती त्यांनी विकत घेतली व कॅरॅमलवर चॉकलेटचा लेप देण्यापासून आरंभ केला. 1894 मध्ये चॉकलेटची वेगळी कंपनी निघाली. कॅरॅमल हा काही दिवसांचा चोचला आहे, टिकेल ते चॉकलेट, असे त्यांचे मत बनले. 1900 मध्ये धंदा ऐन भरात असताना कॅरॅमलची कंपनी त्यांनी 10 लाख डॉलरांस विकून टाकली. चॉकलेटचे हक्क मात्र आपणाकडे ठेवले. चालता धंदा विकण्याचे हे धाडस फार थोड्यांस साधते.

त्या काळी दुधाचे चॉकलेट ही स्वित्झर्लंडची मिरास होती. डॅनियल पीटर यांनी 1875 च्या सुमारास तेथे ती कृती सिद्ध केली होती आणि हा माल अमेरिकेत श्रीमंतांपुरताच मर्यादित होता. अडचण अशी की दुधात पाणी फार, आणि कोकोच्या लोण्यात पाण्याचा अंश गेला की सारा घाणा बिघडतो. हर्शी यांनी कित्येक महिने दूध आटविण्याचे प्रयोग केले. दूध करपले, नासले, माल फेकून द्यावा लागला. शेवटी साय काढलेले दूध साखरेसह निर्वात भांड्यात मंद आचेवर आटविण्याची कृती साधली. मग 1903 मध्ये त्यांनी आपल्या जन्मस्थळाजवळ, दुभत्या जनावरांच्या त्या मुलुखात, कारखान्याचा पाया घातला आणि 1905 पर्यंत तो पूर्ण झाला. पाच सेंटांची वडी सामान्य मनुष्याच्या हाती पडू लागली. ही किंमत कंपनीने 1969 पर्यंत कायम ठेवली. वडीचे वजन मात्र कोकोच्या भावाप्रमाणे कमीअधिक होत असे.

कारखान्याभोवती गाव वसले आणि त्यासही हर्शी हेच नाव पडले. कामगारांसाठी वीज व नळ असलेली घरे, ट्रॅमगाडी, शाळा, पेढी, बाग अशा साऱ्या सोयी त्यांनी केल्या. 1898 मध्ये त्यांचा विवाह कॅथरीन स्वीनी यांच्याशी झाला होता. मूलबाळ झाले नाही. 15 नोव्हेंबर 1909 रोजी पती-पत्नींनी विश्वस्तपत्र करून अनाथ मुलांसाठी निवासी शाळा स्थापन केली. 1910 मध्ये चार मुलांनिशी ती सुरू झाली. मुलांना अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि हातास एखादा धंदा द्यावयाचा, आणि मोबदला काहीही घ्यावयाचा नाही, असा तिचा नियम होता.

1915 मध्ये कॅथरीन वारल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, 1918 मध्ये, हर्शी यांनी चॉकलेट कंपनीतील आपले समभाग या शाळेच्या विश्वस्तनिधीस देऊन टाकले. त्यांची त्या वेळची किंमत सुमारे 6 कोटी डॉलर होती. वय एकसष्टाच्या घरात, प्रकृती ठणठणीत, धंदा जोरात. कोणताही समारंभ नाही, वर्तमानपत्रांत वाच्यता नाही. जगास ही बातमी कळली ती पाच वर्षांनी, 1923 मध्ये. आपल्याकडे गुप्तदान म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

या दानाचे मोल रकमेत नाही, असे आमचे मत आहे. याहून मोठ्या रकमा देणारे लोक त्या देशात होते. महत्त्व आहे ते दानाच्या रीतीस. बहुतेक धनिक नफ्यातील वाटा देतात आणि मूळ पुंजी आपल्या मुठीत ठेवतात. हर्शी यांनी पुंजीच दिली. आपल्या पश्चात मृत्युपत्राने नव्हे, तर स्वतः कामावर असताना दिली. त्या दिवसापासून धंद्याचे ते चालक राहिले, पण मोठ्या अर्थाने मालक अनाथ मुले झाली. जो मनुष्य एकेकाळी दुसऱ्याच्या सहीवर उभा राहिला त्याने आपली कमाई इतरांच्या पायांखालचा आधार म्हणून ठेवावी, यात आम्हांस एक सरळ हिशेब दिसतो. त्यांनी घेतलेल्या उधारीची ती परतफेडच होती. फक्त देणे दुसऱ्या पिढीस पोचले.

परंतु हे चरित्र केवळ स्तुतीसाठी वाचले तर त्याचा अर्धा बोध वाया जाईल. दान दिल्यानंतर दोनच वर्षांनी, 1920 मध्ये, साखरेच्या वायदेव्यवहारात कंपनीस सुमारे 25 लाख डॉलरांची खोट बसली, आणि मालमत्ता न्यूयॉर्कच्या एका बँकेकडे गहाण पडली. दोनएक वर्षांत हे संकट निवारले खरे. परंतु त्या वेळी पणास लागली होती ती अनाथांची ठेव. वायदेबाजाराची चटक कशी असते हे आपल्या बाजारपेठांस नव्याने सांगावयास नको. धर्मादाय झालेला पैसा आपल्या हाती असला तरी तो आपला राहत नाही, ही जाणीव दात्यासही सतत ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. 1930 नंतरच्या महामंदीत अमेरिकेत लक्षावधी लोक बेकार झाले असता हर्शी यांनी आपल्या गावी मोठमोठी बांधकामे काढली. मोठे हॉटेल, सार्वजनिक सभागृह, क्रीडागृह अशी कामे निघाली आणि सुमारे 600 माणसांस त्यांवर रोजगार मिळाला. यंत्राने चाळीस माणसांचे काम होते असे कोणी सांगताच, ते यंत्र काढून चाळीस माणसे लावा असे त्यांनी फर्माविल्याची आख्यायिका आहे. अशा मालकाच्या कारखान्यात संप होईल असे कोणास वाटले असते? तरीही एप्रिल 1937 मध्ये कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले. ज्येष्ठतेचा मान आणि कामावरून कमी करण्याची पद्धत यांबद्दल त्यांच्या तक्रारी होत्या. कारखाना बंद पडल्याने दुधाची विक्री थांबलेले शेतकरी आणि मालकाच्या बाजूचे कामगार लाठ्याकाठ्या घेऊन आत घुसले आणि संपकऱ्यांना मारहाण करून बाहेर काढले. कित्येक जखमी झाले. ऐंशीच्या उंबरठ्यावरील वृद्ध मालकाने उभारलेल्या आदर्श गावात हे घडले.

याचे कारण शोधू गेल्यास एकच दिसते. त्या गावात सर्व काही होते, पण गावाचा असा निवडलेला नगराध्यक्ष नव्हता. काय हवे, काय नको हे ठरविणारा एकच मनुष्य होता. घर त्याने दिले, बाग त्याने दिली, म्हणून तक्रार करणाराच कृतघ्न ठरू लागला. हर्शी यांच्यावर लोकांनी विश्वास टाकला तेव्हा ते उभे राहिले. आपल्या कामगारांच्या विचारावर मात्र त्यांना तितका विश्वास टाकता आला नाही. पोटास दिले म्हणजे तोंड मिटते असे समजणाऱ्या प्रत्येक मालकाने ही गोष्ट ध्यानी घ्यावी. आपल्या दुकानांतील गुमास्ते आणि गोदामांतील हमाल यांस दिवाळीस कपडे व पेटी देऊन आपण समाधान मानतो. पण त्यांचे म्हणणे वर्षातून एकदा तरी बसून ऐकतो काय? काही काळाने तेथे कामगार संघटनेशी रीतसर करार झाला आणि कारखाना पूर्ववत चालू लागला. जे शेवटी करावेच लागले ते आधी केले असते तर डोकी फुटली नसती.

तिसरा बोध विश्वस्तपत्राच्या शब्दांचा आहे. मूळ पत्रात प्रवेश केवळ गोऱ्या अनाथ मुलग्यांस होता. त्या काळाच्या समजुतींचा तो दोष होता, पण कागदावर उतरल्याने तो दात्याच्या पश्चातही कितीतरी वर्षे जिवंत राहिला. 13 ऑक्टोबर 1945 रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी, हर्शी वारले. वर्णाची अट 1970 च्या सुमारास गेली आणि मुलींस प्रवेश मिळावयास 1976 साल उजाडावे लागले. उलटपक्षी, निधी शाळेच्या गरजेपेक्षा फुगला तेव्हा 1963 मध्ये न्यायालयाच्या संमतीने 5 कोटी डॉलर वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय उभारण्यास देण्यात आले. म्हणजे चांगल्या दानासही पुढील काळाने दुरुस्त करावयास वाव असावा लागतो. 2002 मध्ये विश्वस्तांनी कंपनीवरील आपली मालकीच विकावयास काढली. 12 अब्ज डॉलरांच्या वर बोली आली. त्या वेळी गावकरी, कामगार आणि शाळेचे माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, राज्याचे महाधिवक्ता न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर महिन्यात विक्री रद्द झाली. 1937 साली ज्या गावास आवाज नव्हता त्याच गावाने पासष्ट वर्षांनी संस्थापकाची पुंजी वाचविली. आज त्या शाळेत 2,000 हून अधिक मुलेमुली विनामूल्य शिकत आहेत.

आपल्याकडील एक उदाहरण या संदर्भात सहज आठवते. सोलापूरच्या जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी मालेगावजवळ रावळगावची साखर कंपनी 1933 मध्ये काढली आणि 1942 पासून तेथे गोळ्या होऊ लागल्या. त्या गोळ्या चघळल्या नाहीत असा मनुष्य आपल्या पिढीत सापडणे कठीण. 2024 च्या आरंभी त्या गोळ्यांची नावे व हक्क 27 कोटी रुपयांस रिलायन्स समूहाकडे गेले. व्यापारात खरेदी-विक्री चालावयाचीच. त्यात कोणास दोष देण्याचे कारण नाही. परंतु आपण आयुष्यभर जे उभारतो त्याचे आपल्यामागे काय व्हावे, हा प्रश्न वालचंदशेठजींच्या तोलाच्या उद्योगासही चुकला नाही. मग तुमच्या-आमच्या पेढ्यांची कथा काय?

आपल्या समाजात दानाची परंपरा मोठी आहे आणि तिचा आपणांस रास्त अभिमान आहे. धर्मशाळा, पाठशाळा, औषधालये, वसतिगृहे गावोगावी उभी आहेत. परंतु त्यांतील कित्येक विश्वस्तसंस्थांची आजची स्थिती आपण जाणतो. दाता गेला, कागद अपुरे राहिले, वारसांत वाद माजला आणि इमारतीस कुलूप लागले. म्हणून या अंकाच्या निमित्ताने सभासदांपुढे तीन सूचना नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. पहिली, धंदा बुडालेल्या पण धंदा जाणणाऱ्या तरुणास पुन्हा उभे करण्यासाठी संघाने थोडी रक्कम वेगळी काढावी आणि ती तारण पाहून नव्हे, मनुष्य पाहून द्यावी. दुसरी, ज्यांस दान करावयाचे आहे त्यांनी ते हातपाय चालत असता, जाणत्या वकिलाच्या सल्ल्याने, काळानुसार बदल करता येईल असे लिहून ठेवावे. तिसरी, ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यापैकी निदान एकास तरी विश्वस्तांच्या बैठकीत बसावयास जागा द्यावी.

यांपैकी तिसरी सूचना काहींस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. जो देतो त्याने ठरवावे, ही आपली जुनी समजूत आहे. परंतु हर्शी गावातील 1937 च्या आणि 2002 च्या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहाव्यात आणि मग सभासदांनी आपले मत बनवावे, एवढीच विनंती.